हाताखालचा पापुद्रा

(गुरुजींच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या गावात, गुरुजींच्या शाळेत मी चौथीत होते. शुद्धलेखन चालू असलं की ते बाकांमधून फिरायचे आणि वाकून लिहिणाऱ्या पोराच्या पाठीला लाकडी फूटपट्टी उभी टेकवायचे. मारायचे नाहीत, फक्त टेकवायचे. ‘ताठ.’ एवढा एकच शब्द. पट्टीचा गार स्पर्श झाला की पाठ आपोआप सरळ व्हायची आणि गुरुजी पुढच्या बाकाकडं गेले की पुन्हा वाकायची. पुढं मी फिजिओथेरपी शिकले. गेली तीस वर्षं लोकांच्या पाठी, माना, खांदे माझ्या हाताखालून जात आहेत आणि माझं सगळं काम ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिलं तो त्या पट्टीनंच माझ्यापुढं ठेवला होता. बाहेरून हात लावून माणसाच्या अंगाची ठेवण बदलते का? बदलत नसेल, तर हात लावल्यावर दुखणं हलकं होतं ते कशामुळं?

आधी एक करून बघू. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या हाताच्या कोपराखाली, मांसल भागावर ठेवा. दाबू नका, नुसती टेकवा. आता कातडी मनगटाकडं सरकवा, मग परत कोपराकडं न्या. बघा, किती सहज जाते. खालचा स्नायू जागचा हलत नाही, कातडी मात्र बोटांबरोबर पेरभर जाते नि परत येते. आता तेच तळहातावर करा. जवळजवळ सरकतच नाही. तळहाताची कातडी खालच्या जाड पडद्याला जणू टाके घालून बसवलेली आहे. म्हणूनच विळ्याची मूठ किंवा एसटीची दांडी हातातून निसटत नाही. कोपराखाली सरकू देणारा आणि तळहाताला घट्ट धरून ठेवणारा हा जो थर आहे, तो फेशिया. संस्कृतावरून घडवलेला ‘प्रावरणी’ असा शब्द आहे, पण दवाखान्यात तो कुणाच्या तोंडी नाही, म्हणून मी फेशियाच म्हणते. टाचदुखीच्या निमित्तानं ‘प्लांटर फेशिआयटिस’ हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या केसपेपरवर लिहिलं गेलं असेलच.

ज्यांच्या घरी मटण शिजतं त्यांनी तो डोळ्यांनीही पाहिला आहे. तुकड्यावर पांढुरका, चकचकीत पापुद्रा असतो. सुरीचं टोक घालून ओढला तर ताणला जातो, पण तुटत नाही. माझी आई तो काढून मांजरीपुढं टाकायची. कॉलेजात शवविच्छेदनाच्या टेबलाशी आम्हीही दुसरं काही केलं नाही. स्नायू स्वच्छ दिसला पाहिजे, परीक्षकानं चिमट्यानं दाखवला की नाव सांगता आलं पाहिजे, म्हणून तो सगळा पापुद्रा खरवडून आम्ही बादलीत टाकत होतो. पूर्ण वर्षभर. शरीराचा हा एवढा मोठा भाग आम्ही कचरा म्हणूनच शिकलो.

याउलट सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत पाहण्याची जी रीत सांगितली आहे ती मला फार मोलाची वाटते. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळा, बांबू असल्या वस्तूंच्या कुंचल्यानं हळूहळू घासत त्वचेपासून आत एकेक थर डोळ्यांनी पाहत जायचं. तिथं पहिलं काम कुंचल्याचं आहे. त्याच शारीरस्थानात शरीराच्या आतल्या सीमा राखणाऱ्या सात कला सांगितल्या आहेत आणि त्यांतली पहिली मांसधरा. कला म्हणजे फेशियाच, असं मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या शास्त्रांतले शब्द ओढून ताणून जुळवले की दोघांवरही अन्याय होतो. पण जो थराथरानं पाहत गेला त्याला थर दिसले, एवढं मी नक्की म्हणेन.

आता ज्या बाईंनी हा थर आपल्या उपचाराच्या मध्यभागी आणून ठेवला, त्यांच्याकडं येते. आयडा रॉल्फ. जन्म १८९६, न्यूयॉर्क. बार्नर्ड कॉलेजातून पदवी, १९२०मध्ये कोलंबिया विद्यापीठातून जैवरसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन. बायकांनी प्रयोगशाळेत असणं हेच नवल होतं तो काळ. त्यांनी होमिओपॅथी पाहिली, ऑस्टिओपॅथी पाहिली आणि न्यूयॉर्कजवळच्या न्याक गावी पिअर बर्नार्ड या अमेरिकी माणसाकडं त्या योगासनंही शिकल्या. आपल्याकडची आसनं त्यांच्या विचारात अशी पोचली. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या ठिकाणी त्यांनी काम सुरू केलं आणि त्यांचं नाव झालं. १९७१मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये त्यांच्या पद्धतीची संस्था उभी राहिली. १९७९मध्ये त्या गेल्या. त्यांच्या पद्धतीला लोक रॉल्फिंग म्हणू लागले.

पद्धत दहा बैठकांची. पहिल्या बैठकीत बरगड्या आणि श्वास, दुसऱ्या बैठकीत पावलं, तिसऱ्यात दोन्ही कुशी. मग मांड्यांची आतली बाजू, पोट, पाठीमागची बाजू, मान आणि डोकं. शेवटच्या तीन बैठकांत सगळ्याची एकत्र घडी बसवायची. उपचार करणारा बोटांची पेरं, मूठ, कधी कोपर वापरतो आणि अतिशय सावकाश दाबत सरकत जातो. त्या काळी हा उपचार बराच दुखायचा. रॉल्फबाईंचा विचार असा होता की गुरुत्वाकर्षण चोवीस तास आपल्याला खाली ओढत असतं. शरीराचे ठोकळे, म्हणजे डोकं, छाती, ओटीपोट, पाय, एकावर एक नीट बसले तर तेच गुरुत्वाकर्षण आपल्याला आधार देतं; बसले नाहीत तर फेशिया त्या वाकड्या ठेवणीतच आखडतो, दाट होतो आणि माणूस वाकडाच राहतो. उपाय काय? फेशियातला द्रव थंडीतल्या तुपासारखा थिजलेला आहे, हाताच्या दाबानं आणि उबेनं तो पातळ होईल, मग थर पुन्हा हवे तसे मांडता येतील. वाचताना माणूस भारावून जातो. मीही गेले होते. एका रसायनशास्त्रज्ञ बाईनं हाताच्या कामाला दिलेली ती प्रतिष्ठा होती आणि आमच्या व्यवसायात तिची फार गरज होती.

पण हिशेब करून पाहायला हवा होता, आणि तो झाला. २००८मध्ये संशोधक चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमान मांडलं. मांडीच्या बाहेरच्या अंगाचा जाड फेशिया किंवा तळपायाचा फेशिया नुसता एक टक्का दबावा आणि एक टक्का सरकावा यासाठी किती जोर लागेल? उत्तर आलं, सुमारे ९०० किलोच्या घरात. माणसाच्या हाताचं हे कामच नव्हे. नाकावरच्या मऊ, वरवरच्या फेशियाची गोष्ट वेगळी, तो हातानं हलू शकतो. त्या अभ्यासाच्या लेखकांत रॉबर्ट श्लाइप हे जर्मन संशोधकही होते आणि ते स्वतः रॉल्फिंग शिकलेले, शिकवणारे गृहस्थ. ज्या समजुतीवर आपलं आयुष्य उभं आहे तीच मोजायला बसायचं, हे धैर्य मला फार मोठं वाटतं. श्लाइप यांनी त्याआधी २००३मध्येच लिहिलं होतं की हाताचा परिणाम समजून घ्यायचा तर फेशियातल्या मज्जातंतूंकडं बघा.

कारण फेशिया म्हणजे मुकं आवरण नव्हे. त्यात मज्जातंतूंची टोकं दाट पसरलेली आहेत. काही ताण ओळखतात, काही कंप ओळखतात, काही सावकाश दाबाला प्रतिसाद देतात, काही वेदनेची वर्दी देतात. कमरेतल्या मोठ्या फेशियात तर ती भरपूर आहेत. मी एकदा शस्त्रक्रियेच्या खोलीत उभी होते. जागेपणी ज्या माणसाचं कोपर माझ्या हातात सरळ व्हायला तयार नव्हतं, तेच भूल चढल्यावर अलगद उलगडलं. पापुद्रा तोच होता. त्याला आवळून धरणारी आज्ञा तेवढ्यापुरती थांबली होती. सगळ्यांचं असं होत नाही, खरोखरच आतून आखडलेला सांधा भुलेखालीही तसाच राहतो. पण त्या दिवसापासून मी हाताखालच्या ताठरपणाकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

माझ्याकडं फॉल-पिको करणाऱ्या एक ताई यायच्या. दिवसाला पंचवीस-तीस साड्या, मान खाली, उजवा खांदा मशीनच्या चाकाकडं ओढलेला. मान उजवीकडं वळवायची तर अख्खं धड वळायचं. त्यांना पालथं झोपवलं, मान आणि खांदा यांच्या मधल्या स्नायूवर हात ठेवला, दाब दिला नाही. पहिलं अर्धं मिनिट तो स्नायू हाताला लाकडासारखा लागला. मी तशीच थांबले. मग त्यांचा अडवून धरलेला श्वास सुटला आणि त्याबरोबर माझा अंगठा थोडा आत गेला, मी न ढकलता. ‘इथंच, मॅडम, इथंच.’ मी सावकाश, दर श्वासाला जेमतेम बोटभर सरकत खांद्याच्या कडेपर्यंत गेले. वीस मिनिटांनी त्या उठून बसल्या, मान वळवली आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, ‘अगंबाई, ते झाड दिसतंय की.’ दोन दिवसांनी मान पुन्हा जवळपास तशीच होती. गुरुजींची पट्टी काढल्यावर जसं.

म्हणजे हात खोटा ठरला का? अजिबात नाही. झाड दिसलं होतं ना! मान वळू शकते, हे त्यांच्या मेंदूला त्या वीस मिनिटांत कळलं. जुनाट दुखण्यात पुष्कळदा हीच अडचण असते. मूळ दुखापत भरून निघून महिने लोटलेले असतात, पण शरीराचा पहारा उठलेला नसतो. सावकाश, सुरक्षित हात त्या पहाऱ्याला सांगतो की इथं धोका नाही. उसण भरली की माझी आजी गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायची आणि खरोखर उठून कामाला लागायची. कुस्तीच्या तालमीत वस्तादांच्या हाताखालून उठलेला पठ्ठा असाच मोकळा होऊन आखाड्यात उतरतो. त्या पायात किंवा त्या हातात चमत्कार नव्हता. विश्वासाच्या माणसाचा स्पर्श, थोडा आराम आणि पुन्हा हलायची हिंमत, एवढं त्यात होतं आणि ते थोडं नाही.

पण इथंच आमची जबाबदारी सुरू होते, आणि मी एका चुकीबद्दल आज या गावात बोलणार आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पतसंस्थेतले क्लार्क माझ्याकडं कंबरदुखी घेऊन आले. मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, ‘तुमचा फेशिया चिकटलाय. थराला थर डकलाय, तो मोकळा करावा लागेल.’ आठवड्यातून दोनदा असे आठ महिने ते येत राहिले. दर वेळी बरं वाटायचं, दर वेळी मी समाधानानं पुढची तारीख लिहायचे. एक दिवस त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, ‘ते आता वाकून चपलासुद्धा घालत नाहीत. नातवाला उचलत नाहीत. आत चिकटलंय म्हणतात, फाटेल म्हणतात. तुम्हीच सांगितलंत ना?’ मीच सांगितलं होतं. मी हातानं आठ महिने जे दिलं, ते माझ्या एका वाक्यानं रोज काढून घेतलं होतं. त्यांना वाकायला शिकवण्यापासून सुरुवात केली, आधी टेबलावरची पिशवी, मग खुर्चीवरची, मग जमिनीवरची. नातू कडेवर यायला आणखी सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांची भरपाई मी कशी करणार?

मग फेशियात काही बिघडतच नाही का? तसंही नाही आणि इथं मला घाई करायची नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठात हेलेन लँजेविन यांनी २०११मध्ये १२१ माणसांच्या कमरेतला फेशिया सोनोग्राफीवर पाहिला. टेबलानं माणसाला सावकाश वाकवायचं आणि आतले थर एकमेकांवरून किती सरकतात ते मोजायचं. जुनाट कंबरदुखी असलेल्यांत ही सरक सुमारे २० टक्क्यांनी कमी भरली. ही मोलाची गोष्ट आहे. पण थर कमी सरकतात म्हणून कंबर दुखते, की कंबर दुखते म्हणून माणूस कमी हलतो आणि मग थर कमी सरकतात, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. इटलीत पादुआला कार्ला स्टेको या शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासक थरांमधल्या हायलुरोनन नावाच्या निसरड्या पदार्थावर काम करतात. तो घट्ट झाला की थर अडखळतात आणि हाताच्या घर्षणानं तो पुन्हा मोकळा होत असावा, असं त्यांचं म्हणणं. रॉल्फबाईंचं थिजलेलं तूप वेगळ्या रूपात परत आलं आहे. ते खरं ठरलं तर मला आनंदच होईल. पण सिद्ध होण्याआधी ते रुग्णाला ठणकावून सांगायचा हक्क मला नाही.

उपचाराचा परिणाम मोजायचे प्रयत्नही झाले आहेत. कंबरदुखीवरच्या मालिशचा कॉक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या चाचण्यांची एकत्र तपासणी, २०१५मध्ये निघाला, २५ चाचण्या, ३०९६ माणसं. निष्कर्ष असा की थोड्या काळापुरता आराम दिसतो, पण पुराव्याचा दर्जा अगदी हलका. ऑस्ट्रेलियात २०१९पासून रॉल्फिंगसह अनेक पद्धतींना खासगी आरोग्य विम्यातून भरपाई मिळेनाशी झाली. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत समजावून सांगणं, व्यायाम आणि मानसिक आधाराबरोबर मालिशलाही जागा दिली. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापरू नका, असं सांगितलं. २०२०मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा त्यांचाच आकडा आहे. इतक्या लोकांना कुणा एकाचा हात पुरणार नाही.

आता ‘ताठ’कडं येते. गुरुजी हयात असते तर त्यांच्याशी मी यावर वाद घातला असता आणि त्यांनी तो मनापासून ऐकून घेतला असता. अमुक एकच बसण्याची पद्धत बरोबर आणि तिच्यामुळं पाठ दुखणार नाही, असा पक्का पुरावा आजपर्यंत हाती आलेला नाही. वाकून बसणारे कितीतरी लोक सुखानं जगतात आणि ताठ बसणाऱ्यांच्याही कमरा धरतात. पाठीला त्रास होतो तो बहुधा तासन्‌तास एकाच ठेवणीत राहिल्यानं, मग ती ठेवण चित्रातल्यासारखी सरळ का असेना. मुलाला ‘ताठ बस’ म्हणण्यापेक्षा ‘जरा ऊठ, पाण्याचा तांब्या घेऊन ये’ म्हणा. गुरुजींच्या शाळेत तासाला घंटा व्हायची आणि सगळा वर्ग उभा राहून कविता म्हणायचा, त्या उभं राहण्यानं आमच्या पाठींचं भलं केलं असणार.

अंगाची ठेवण बदलतच नाही, असंही माझं म्हणणं नाही. पुण्यात १९३७मध्ये आलेल्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, विटा, पट्टे, खुर्च्या घेऊन हेच काम आयुष्यभर केलं. विद्यार्थ्याच्या अंगाला त्यांचा हात लागायचा, पण पुढं जायचं ते विद्यार्थ्यानं स्वतःच्या पायांवर, रोज, वर्षानुवर्षं. शरीर सावकाश बदलतं, आणि मालकानं रोज मागितलेल्या हालचालीनं बदलतं. दहा बैठका हा त्याचा आरंभ होऊ शकतो.

काही गोष्टी मात्र स्पष्ट सांगते, कारण आता सात दिवसांचा कोर्स करून ‘फेशिया रिलीज’चा बोर्ड लावणारे आपल्या तालुक्याच्या गावीही आले आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, पूर्वी कॅन्सर झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल तर हात लावून घेण्यात वेळ घालवू नका. आणि बसण्याच्या जागेची संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. अंगावर निळे डाग उठेपर्यंत दाबणं म्हणजे चांगला उपचार, हा समजही सोडा. मीही कोवळ्या वयात तसे डाग उठवले आहेत, त्यांतून कुणाचं भलं झालं नाही. उपचार करणाऱ्याला एवढं विचाराच: ‘मी घरी काय करायचं?’ याचं उत्तर ज्याच्याकडं नाही, त्याच्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नका.

त्या फॉल-पिकोवाल्या ताईंनी घरी काय केलं ते सांगते. मशीनच्या टेबलाच्या चारही पायांखाली एकेक वीट घातली. दर तीन साड्यांनंतर उठून दारात उभं राहून दोन्ही हात चौकटीला लावायचे आणि ते झाड पाहायचं. हळूहळू हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांदे उचलायला लागल्या, अर्धा लिटर, मग एक लिटर. तीन महिन्यांत मान बरीच सुटली. पूर्ण नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते, साड्यांचा ढीग वाढतो आणि मग त्या एखादी संध्याकाळ काढून येतात. मी हात ठेवते, थांबते, श्वास सुटायची वाट पाहते. आता त्यांना मी ‘चिकटलंय’ असं म्हणत नाही. ‘दमलंय’ म्हणते.

गेल्या खेपेला जाताना त्यांनी विचारलं, ‘परत कधी येऊ?’

‘दुखलं तर या, ताई. नाही दुखलं तर नका येऊ.’